काळजी घेणारीचा सिनेमा कुठे आहे?

'काळजीवाहू' हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचला? बहुतेक राजकारणाच्या बातमीत. राजीनामा दिल्यावर नवं सरकार येईपर्यंत जो मुख्यमंत्री खुर्ची सांभाळतो, तो काळजीवाहू. म्हणजे तात्पुरता आणि लवकरच सुटणारा.

डिमेन्शिया झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या सुनेसाठी, मुलीसाठी, बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द नाही. पैसे घेऊन येणारी असेल तर 'मावशी', नाहीतर 'ब्युरोची बाई'. घरातलीच असेल तर तेवढंही नाही. 'तिच्याकडे सासऱ्यांचं आहे ना, ती कुठे निघू शकत नाही,' एवढ्यावर विषय संपतो.

ज्या कामाला नाव नाही, त्याची गोष्ट कशी सांगणार? गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे आणि बाहेर डिमेन्शियावर बरेच सिनेमे आले. काही फार चांगले आहेत. मी ते पाहताना एकच गोष्ट शोधत असतो. विसरणारा माणूस पडद्यावर असतोच. त्याचे कपडे बदलणारं माणूस पडद्यावर किती वेळ असतं? त्याच्याकडे कॅमेरा कुठून बघतो? (पुढे काही सिनेमांचं कथानक उघड होतं, हे आधीच सांगून ठेवतो.)

हरवणं म्हणजे गोष्ट, सांभाळणं म्हणजे?

सुरुवात 'अस्तु'पासून करायला हवी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१३चा सिनेमा. मोहन आगाशे यांनी चक्रपाणि शास्त्री हे निवृत्त संस्कृत पंडित उभे केलेत. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यामुळे असेल, पण आजार 'दाखवण्याचा' सोस त्यांच्या अभिनयात कुठेही दिसत नाही. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीतून बाहेर घेऊन जाते. ती थोडा वेळ खरेदीसाठी उतरते. शास्त्रींना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्यामागे चालू लागतात. मग एकीकडे इराची शोधाशोध, दुसरीकडे माहुताच्या कुटुंबात पोचलेले शास्त्री, आणि मधूनमधून मागच्या आठवणी.

आता कन्नडमधला 'गोधी बण्ण साधारण मैकट्टू' (२०१६) घ्या. हेमंत राव यांचा सिनेमा, अनंत नाग वडिलांच्या भूमिकेत. इथेही मुलगा वडिलांना बाहेर घेऊन जातो, वडील हरवतात आणि शोध सुरू होतो. सिनेमाच्या नावाचाच अर्थ 'गव्हाळ वर्ण, साधारण बांधा'. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतलं वर्णन. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' म्हणत अशीच वर्णनं वाचली जायची.

दोन भाषा, वेगवेगळे दिग्दर्शक, आणि गोष्टीची खुंटी एकच: मुलाचं किंवा मुलीचं लक्ष क्षणभर हटतं आणि माणूस हरवतो.

हे असं का होतं, ते समजतं. डिमेन्शियाला कथानक नसतं. तो वर्षानुवर्षं, इंचाइंचाने पुढे सरकतो. एकच प्रश्न दिवसात चाळीस वेळा विचारला जातो आणि चाळीस वेळा उत्तर द्यावं लागतं. सिनेमाला काहीतरी घडावं लागतं, आणि हरवणं ही घटना आहे. पण या सोयीची एक किंमत आहे. काळजी घेणारी व्यक्ती आपल्याला भेटते तीच मुळी चुकलेली म्हणून. तिचं लक्ष हटलं तो एक क्षण पडद्यावर येतो. लक्ष हटलं नाही असे हजारो क्षण पडद्याबाहेर राहतात. प्रेक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, 'अशी कशी सोडून गेली ती त्यांना?'

'अस्तु'चं मोठेपण हे की तो इराला त्या पिंजऱ्यात फार वेळ उभं करत नाही. तिची ओढाताण, चिडचिड, आपले विद्वान वडील असे होताना पाहण्यातलं दुःख, सगळ्याला तो जागा देतो. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी शोक करावा लागणं, या अवस्थेला पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने नाव दिलंय. मराठीत त्याला 'धूसर वियोग' म्हणता येईल. तेराव्याला कोणी येत नाही, कारण कोणी गेलेलंच नसतं. इराच्या चेहऱ्यावर हा वियोग दिसतो. मराठी सिनेमात तो इतका नीट त्याआधी मी पाहिला नव्हता.

चन्नम्माची एक रात्र

माझी अडचण चन्नम्मापाशी सुरू होते. चन्नम्मा ही माहुताची बायको. कन्नड बोलणारी, गरीब, पदरी मूल असलेली. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. शास्त्री तिला आई समजतात. तीही या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं घेते. शिकलेल्या घरात जो प्रश्न होऊन बसलाय, तो माणूस तिच्या पालात नुसता माणूस होतो. शास्त्र, पदवी, स्मृती सगळं गळून पडल्यावर उरतं ते माया मागणारं मूल, आणि चन्नम्माला ते ओळखता येतं.

प्रसंग फार सुंदर आहेत. पण मनात गणित सुरू होतं, त्याला इलाज नाही. चन्नम्मा थोडाच काळ सांभाळते. इरा वर्षानुवर्षं. चन्नम्माला हा माणूस पूर्वी कसा होता ते माहीतच नाही, त्यामुळे तिने काही गमावलेलं नाही. पहिल्या दिवशी सगळेच प्रेमळ असतात. माया आटत नाही, झोप आटते. सातशेव्या रात्री, तीन तासांच्या झोपेवर, चन्नम्मा कशी वागली असती? हा प्रश्न तिचा अपमान करण्यासाठी नाही. उलट तिला देवत्व देऊन आपण तिला माणूस म्हणून दमण्याचा हक्क नाकारतो.

'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे आपलं लाडकं रूपक. ते जरा तपासून बघायला हवं. मूल रोज काहीतरी शिकतं. आज पडलं तर उद्या चालतं. त्याला सांभाळणाऱ्या आईला प्रत्येक महिन्याला थोडी सुटका मिळते, आणि शेजारीपाजारी कौतुकाला असतात. इथे दिशा उलटी. आज स्वतः जेवणारा माणूस सहा महिन्यांनी जेवणार नाही. मुलाला उचलता येतं, सत्तर किलोच्या माणसाला संडासात उठवून उभं करताना पाठ जाते. आणि मुलाचं नागडेपण निरागस असतं. सासऱ्यांचं नागडेपण सुनेला आणि त्यांना, दोघांनाही लाजवतं. 'बालपण' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं, आणि 'आईपण' जिच्या अंगावर येतं तिने तक्रार करायची नाही हेही त्यात ठरून जातं.

आमच्या घरातली प्रेक्षक

इथे मला आईबद्दल सांगावं लागेल, कारण हे सिनेमे मी तिच्यासोबत पाहिले आहेत. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर बारा-तेरा वर्षांनी डिमेन्शियाचं निदान झालं. त्याआधी दोनेक वर्षं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून गेली. या एका म्हणीने किती निदानं लांबवली असतील कोण जाणे. पुढची सहा वर्षं आईने काढली.

अण्णा पहाटे दोनला उठून डेपोत निघायचे. पहिली गाडी त्यांची असायची. सुरुवातीला बाबा त्यांना समजवायचे, 'अण्णा, तुम्ही रिटायर झालात.' त्यावर भांडण, आरडाओरडा. आईने कोणी न शिकवता दुसरा रस्ता काढला. 'अण्णा, आज तुमची साप्ताहिक सुट्टी आहे. चहा टाकू का?' अण्णा शांत व्हायचे. वाद घालायचा नाही, त्यांच्या जगात जाऊन बोलायचं, हे डिमेन्शियाच्या सेवेतलं पहिलं सूत्र मानलं जातं, हे मला नंतर पुस्तकांतून कळलं. आईला ते दाराच्या कडीपाशी उभं राहून कळलं होतं.

तिला आणखी बरंच कळलं होतं. संध्याकाळ झाली की अस्वस्थपणा वाढतो, म्हणून दिवे लवकर लावायचे. अचानक दोन दिवसांत माणूस फारच भ्रमिष्ट वागायला लागला, तर आजार 'वाढला' म्हणून बसायचं नाही, आधी लघवीची तपासणी करायची. जंतुसंसर्ग असू शकतो. सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी शिवून टाकायची. 'माझा पगार तूच घेतलास' हे ऐकून घ्यायचं. आणि काका पुण्याहून आले की त्या दोन तासांत अण्णा अगदी ताठ, हसतमुख बसणार आणि काका जाताना म्हणणार, 'वहिनी, मला तर ठीक वाटतात ते,' हेही धरून चालायचं.

'अस्तु' आम्ही लॅपटॉपवर तीन दिवसांत तुकड्या-तुकड्याने पाहिला, कारण सलग दोन तास तिला मिळत नव्हते. संपल्यावर ती म्हणाली, 'छान आहे. पण त्यांचे कपडे कोण धुतं?'

समीक्षेची मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. इतका नेमका प्रश्न त्यांत मला सापडलेला नाही.

पगार, पाप आणि पाठ

तो प्रश्न विचारणारा एक सिनेमा आहे, आणि तो तेहरानमधला आहे. असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११). त्याला ऑस्कर मिळालं, बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, आणि बहुतेक जण तो घटस्फोटाचा सिनेमा म्हणून लक्षात ठेवतात. मला तो काळजीच्या कामाचा सिनेमा वाटतो.

सिमीनला देश सोडायचाय. नवरा नादेर अल्झायमर झालेल्या वडिलांना सोडून यायला तयार नाही. सिमीन माहेरी निघून जाते, आणि बाई घराबाहेर पडली त्या क्षणी आजवर फुकट होत असलेल्या कामाला किंमत लागते. रझिये नावाची गरोदर, धार्मिक, गरजू बाई कामाला येते. सोबत तिची लहान मुलगी. पगार कमी, प्रवास लांबचा, आणि नवऱ्याला न सांगता धरलेली नोकरी. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात. परपुरुषाचं अंग धुणं पाप ठरेल का, हे विचारायला रझिये धार्मिक सल्ला देणाऱ्यांना फोन लावते. छोटी मुलगी सांगते, मी बाबांना सांगणार नाही.

या एका प्रसंगात आईच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. कपडे कोण बदलतं? जिला दुसरा पर्याय नाही ती. किती पैशांत? कोणाला चोरून? कोणत्या भीतीसह? पुढे रझिये डॉक्टरकडे जाण्यासाठी म्हाताऱ्याला पलंगाला बांधून जाते आणि सगळं कोसळतं. फरहादी तिला खलनायिका करत नाहीत, आणि देवीही करत नाहीत. चन्नम्माला जे मिळत नाही ते रझियेला मिळतं: चुकण्याचा, घाबरण्याचा, पैसे मोजण्याचा अधिकार.

नादेर वडिलांना अंघोळ घालता घालता त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडतो, तो प्रसंगही आठवा. त्याला उत्तर देणारं कोणी नाही. वडिलांची पाठ फक्त ओली आहे.

आतून पाहिलेलं, बाहेर राहिलेलं

फ्लोरियान झेलर यांचा 'द फादर' (२०२०) वेगळ्या वाटेने जातो. अँथनी हॉपकिन्सना दुसरं ऑस्कर मिळवून देणारा हा सिनेमा आजारी माणसाच्या डोक्याच्या आत बसून काढलेला आहे. घराचं सामान बदलतं, मुलगी वेगळ्याच चेहऱ्याने घरात येते, आणि आपणही त्याच्यासारखेच हरवतो. डिमेन्शिया बाहेरून समजावून सांगणारी दहा भाषणं एकीकडे आणि हा सिनेमा एकीकडे.

पण आत बसल्यामुळे मुलगी ॲन आपल्याला बापाच्या संशयातून दिसते. घड्याळ कोणी चोरलं, फ्लॅट कोणाला हवाय, ही नवी बाई कोण? तरी झेलर एक धाडस करतात. झोपलेल्या बापाचा गळा दाबल्याची ॲनची कल्पना ते क्षणभर पडद्यावर आणतात. असे विचार सांभाळणाऱ्यांच्या मनात येतात. ते आले म्हणून माणूस वाईट ठरत नाही, दमलेला ठरतो. आपल्याकडच्या सिनेमात सुनेच्या मनातला असा विचार अजून तरी मी पाहिलेला नाही. आपल्याकडे ती एकतर श्रावणबाळाची बहीण असते, नाहीतर सासऱ्यांना वृद्धाश्रमात टाकणारी कैदाशीण. मधली, म्हणजे खरी बाई नसते.

आपल्या मातीतला अलीकडचा सिनेमा म्हणजे अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस' (२०२३). हिंदी असला तरी त्याचा जीव कोकणात आहे. डिमेन्शियाच्या सुरुवातीला असलेली शैलजा (शेफाली शाह) नवऱ्यासोबत वेंगुर्ल्याला, आपल्या बालपणाच्या गावी येते आणि शाळेतल्या मित्राला भेटते. स्मृती जाण्याआधी एकदा हात फिरवून घेण्याची ही गोष्ट फार हळुवार आहे. समीक्षकांनी शैलजा आणि प्रदीपवर भरभरून लिहिलं. मी मात्र नवऱ्याकडे बघत होतो. स्वानंद किरकिरेंनी केलेला दीपांकर विमा विकतो. लोकांना भविष्यातल्या संकटाची किंमत समजावून सांगणं हाच त्याचा धंदा, आणि त्याच्या घरात आलेल्या संकटाला कोणतीच पॉलिसी पुरणार नाही. सिनेमा ज्या वळणावर संपतो, तिथे दीपांकरची गोष्ट सुरू होणार आहे. ती कोण काढणार?

नाटकाने निदान घर दाखवलं होतं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये (१९८५) दादी सतत वेळ विचारत राहते. प्रेक्षक हसतो, मग हसू विरतं. पण बारकाईने पाहा, कोसळणाऱ्या त्या वाड्यात जमीन, दागिने, मान यांचे हिशेब सगळे करतात. दादीला उत्तर देण्यात कोणाचं आयुष्य गेलं, याचा हिशेब कोणी मांडत नाही. अशा घरांत तो मांडायची पद्धतच नव्हती.

सुट्टीचा प्रसंग

'तुला सिनेमाकडून माहितीपत्रक हवंय का?' असं एका मित्राने मला विचारलं होतं. नाही. आरोग्य खात्याचं काम सिनेमाने करू नये. पण काय दाखवण्याजोगं आहे आणि काय नाही, हे प्रत्येक कलाकृती ठरवत असते, आणि त्यातून आपण काय बघायला शिकतो हेही ठरतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्या प्रत्येकामागे निदान एक माणूस जागं आहे असं धरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात डिमेन्शियाच्या सेवेचे ७० टक्के तास बायका देतात. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी १९८१ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचं आहे. एवढ्या लोकांचा एवढा मोठा दिवस, आणि आपल्या पडद्यावर त्यातलं किती?

मी या सगळ्या सिनेमांत एक प्रसंग शोधला आणि मला तो मिळाला नाही. कोणीतरी सांभाळणारीला म्हणतं, 'तू जा, मी बसतो.' ती जाते. माणूस हरवत नाही, पडत नाही, काही भयंकर घडत नाही. ती चार तास बाहेर राहून परत येते. एवढंच. इरा बाहेर पडते तेव्हा वडील हरवतात. रझिये बाहेर पडते तेव्हा म्हातारा पडतो. गोष्टींनी आपल्याला शिकवलंय की तिने उंबरा ओलांडला की अनर्थ होतो. मग खऱ्या घरातली बाई उंबरा ओलांडायला घाबरते, आणि घरातलेही तेच समजून चालतात. सांभाळणाऱ्यांना सर्वांत आधी हवी असते ती मोकळी, अपराधी न वाटणारी सुट्टी. आपल्या गोष्टींमध्ये नेमकी तीच शिक्षापात्र आहे.

शास्त्रीबुवांच्या संस्कृतात 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ मागून आला. ज्यांची शुश्रूषा होते त्यांच्यावर आपण चांगले सिनेमे काढले. जी शुश्रूषा करते तिचं ऐकायची इच्छा अजून झालेली नाही.

सिनेमा येईल तेव्हा येईल. तुमच्या घरात, शेजारात, मित्राकडे अशी एखादी व्यक्ती असेलच. तिला 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. ती सांगणार नाही, तिला सवय नाही. वार आणि वेळ सांगा. 'शनिवारी दोन ते सहा मी येऊन बसतो. औषधाची डबी कुठे आहे आणि ते चिडले तर काय बोलायचं, तेवढं सांगून ठेव.' ती पहिल्या शनिवारी कदाचित जिन्यापर्यंतच जाईल आणि परत येईल. पुढच्या शनिवारी पुन्हा जा.